ऑफिसात झोपाळा नको, शांत खोली हवी

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

‘ताई, मी बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅडमिन सांभाळते. आम्ही एकूण 64 जण. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम, असा नियम आहे. अकाउंट्स, अ‍ॅडमिन आणि आयटी सपोर्ट मिळून सहा जण मात्र रोज येतो. दिवाळीनंतर त्याच इमारतीतल्या 3,200 चौरस फुटांच्या लहान जागेत जायचं ठरलंय. सरांनी 64 माणसं गुणिले तीन दिवस भागिले पाच असा हिशेब करून 40 टेबलं धरली आहेत. कुणाचीच जागा ठरलेली नसेल, जो येईल तो बसेल. सरांनी बंगळुरूच्या एका ऑफिसचे फोटो आणलेत. त्यात झोपाळा, बीन बॅग, खोट्या गवताची भिंत आणि टेबल टेनिस आहे. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये या ‘फन झोन’चे 3 लाख 80 हजार आहेत आणि खुर्ची 6,500 रुपयांची आहे.

‘सरांचा हेतू चांगला आहे. लोकांनी आनंदाने ऑफिसला यावं, असं त्यांना वाटतं. पण आज लोक येतात ते कार्ड टेकवायला. चहा घेतात, हेडफोन लावून बसतात, क्लायंटचा कॉल आला की जिन्यात जाऊन बोलतात आणि चारला निघतात. बायका एसीत शाल घेऊन बसतात. आमचे अकाउंट्सचे काका अकरा वर्षं खिडकीजवळच्या एकाच टेबलावर बसतात. त्यांना ‘आता जागा तुमची नाही’ हे कसं सांगू? गेल्या महिन्यातला कार्डांचा सरासरी हिशेब असा : सोमवारी 26, मंगळवारी 49, बुधवारी 52, गुरुवारी 47, शुक्रवारी 19. सरांपुढे काय मांडू, ते सांगा.’

*

सस्नेह नमस्कार.

तुम्ही वाराप्रमाणे आकडे पाठवलेत, हे फार बरं केलंत. ऑफिसची आखणी करून घ्यायला येणारे बहुतेक जण रंग आणि लाकडाचे नमुने घेऊन येतात. कुठल्या वारी किती माणसं येतात हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. तुमच्या जागेचं निम्मं उत्तर या पाच आकड्यांतच आहे.

पण त्याआधी झोपाळ्याबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. सरांनी आणलेल्या फोटोंमागे एक समजूत आहे. एकाग्रतेचं काम घरी होतं, म्हणून ऑफिस हे गप्पांचं, भेटीगाठींचं ठिकाण असावं, अशी ती समजूत. अमेरिकेत ज्याच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली आहे, त्याच्या बाबतीत ती खरी असेलही. तुमच्या 64 जणांची घरं डोळ्यांसमोर आणा. वाकडला वन बीएचके, त्यात नवरा-बायको दोघांचे कॉल एकाच वेळी. कोथरूडला टू बीएचके, हॉलमध्ये सासऱ्यांचा टीव्ही, बेडरूममध्ये मुलाचा अभ्यास. पिंपळे सौदागरला चार मित्रांचा फ्लॅट, डायनिंग टेबल एक आणि लॅपटॉप चार. प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी ठेवून, नाहीतर पलंगाला टेकून काम करणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. यांच्या घरी गप्पांची कमतरता नाही. कमतरता आहे शांततेची, नीट खुर्चीची, मोठ्या स्क्रीनची आणि न तुटणाऱ्या नेटची. मग ऑफिसला येऊनही हेडफोन लावूनच बसायचं असेल, तर माणूस चारला निघणारच.

तेव्हा सरांपुढे एकच गोष्ट ठामपणे मांडा : घरी ज्याची वानवा आहे, ते ऑफिसने आधी द्यावं. बाकी सगळं त्यानंतर. आणि घरी काय कमी पडतं हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येकाला दोनच प्रश्न लेखी विचारा. घरून काम करताना कशाची अडचण होते? ऑफिसला आल्यावर कशाची होते? उत्तरांवर नाव नको. नाव मागितलंत की ‘सगळं छान आहे’ एवढंच लिहून येईल.

आता हिशेब. सरांचं 64 गुणिले 3 भागिले 5 हे गणित 38.4 येतं, म्हणून 40. त्यात रोज येणारे तुम्ही सहा जण तीनच दिवसांचे धरले गेलेत. उरलेल्या 58 जणांचे 174 आणि तुमचे 30, असे आठवड्याचे 204 होतात. म्हणजे रोजची सरासरीच 41 वर जाते. तुमच्या कार्डांची प्रत्यक्ष सरासरी 39 च्या आसपास आहे, कारण कुणी ना कुणी रजेवर असतं. पण सरासरीला बसायला खुर्ची लागत नाही. खुर्ची लागते बुधवारी आलेल्या 52 जणांना. तासभर ट्रॅफिकमध्ये काढून आलेल्या माणसाला टेबल मिळालं नाही, हे दोनदा घडलं की तिसऱ्या वेळी तो कारण शोधून घरी राहतो. आणि शुक्रवारी 19 माणसांसाठी अख्ख्या मजल्याचा एसी चालतो.

यासाठी 52 टेबलं घेऊ नका. 3,200 फुटांत ती बसतील, पण मग शांत खोली, फोनच्या खोल्या, मीटिंग रूम यांना जागाच उरणार नाही. टेबलं 40 च ठेवा आणि वार वाटून घ्या. टीमच्या दोन जोड्या करा. ज्यांचं काम एकमेकांवाचून अडतं त्यांची जोडी. एका जोडीत 28, दुसरीत 30 असं धरू. पहिल्या जोडीचे ठरलेले दिवस सोमवार-मंगळवार, दुसरीचे बुधवार-गुरुवार. तिसरा दिवस ज्याचा त्याने निवडायचा. सोमवारी-मंगळवारी 28 अधिक तुम्ही सहा म्हणजे 34, बुधवारी-गुरुवारी 36. रोज चार ते सहा टेबलं मोकळी राहतात आणि शुक्रवारी 34. 58 जणांचा तिसरा दिवस यात जवळजवळ बसतो; उरलेले चार-पाच जण शांत खोलीत बसू शकतात. ऑफिसला यायचं आणि आपल्या टीममधलं कुणीच नाही, दिवसभर पुन्हा व्हिडिओ कॉलच, ही हायब्रिड कामातली सगळ्यांत वैतागवाणी गोष्ट त्याने टळते. या वाटणीत एक खोट आहे. दोन्ही जोड्या एकमेकींना भेटणार नाहीत. महिन्यातून एक दिवस सगळ्यांनी या, त्या दिवशी दाटी होऊ द्या, कामाची अपेक्षा कमी ठेवा.

गुरुवारची एक पुणेरी सोय मात्र ठेवावी लागेल. महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, महापालिकेचं पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर वीज जाणार असल्याचा मेसेज आला, की घरून काम करणारा माणूस सकाळी ऑफिस गाठणारच. त्याला अडवू नका. जेवणाच्या लांब टेबलाखाली प्लगची पट्टी बसवून घ्या, म्हणजे अशा दिवशी आठ जण तिथे बसू शकतील.

काकांचं टेबल काकांकडेच राहू द्या. जागा वाटून घेण्याचं तत्त्व अर्धवेळ रिकाम्या राहणाऱ्या टेबलांसाठी आहे. जो माणूस पाचही दिवस येतो, ज्याच्याकडे फायली, चेकबुकं, प्रिंटर आहे, त्याची जागा काढून कंपनीचा एक इंचही वाचत नाही. तुम्हा सहाही जणांची टेबलं पक्की करा आणि काकांना नव्या जागेतही खिडकीजवळ बसवा. तुम्हाला त्यांना काहीच सांगावं लागणार नाही. उलट त्यांच्याबद्दल तुम्ही सरांना सांगायचं आहे.

उरलेल्या 34 टेबलांवर रोज वेगळा माणूस बसणार. अशा ऑफिसची खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते. सकाळी साडेनऊला येणारा माणूस कसा येतो, ते दारात उभं राहून बघा. एका हातात हेल्मेट, पाठीला लॅपटॉपची बॅग, पावसाळ्यात अंगावर निथळणारा रेनकोट. डबा दुसऱ्या हातात. हे सगळं घेऊन तो मोकळं टेबल शोधतो. सापडतं. खुर्ची काल बसलेल्याच्या मापाची, आणि ती खाली करायची दांडी तुटलेली. स्क्रीनची वायर टेबलामागे पडलेली. ती काढायला तो गुडघ्यांवर बसतो. वायर एचडीएमआयची आणि याच्या लॅपटॉपला टाइप-सी. मग ‘कुणाकडे कनेक्टर आहे का?’ अशी हाक. कीबोर्डवर कुणाच्या तरी चहाचा चिकट डाग. हेल्मेट ठेवायला जागा नाही म्हणून ते पायाशी, दिवसभर पायाला लागत राहणार. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि तितकी चिडचिड झाली. घरी तो लॅपटॉप उघडतो आणि कामाला लागतो.

म्हणून प्रत्येक टेबलावर सगळं एकसारखं हवं. एकच मोठा स्क्रीन, वर-खाली होणाऱ्या दांडीवर बसवलेला. टेबलावरच पक्क्या केलेल्या दोन्ही प्रकारच्या वायरी. टेबलाच्या वरच्या अंगाला प्लग, खाली नाही. कीबोर्ड, माउस आणि पुसायला कापड व स्प्रे. दाराजवळ लॉकर, प्रत्येकाला एक, आणि त्यात पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट मावलं पाहिजे. कंत्राटदार बारा इंची खण दाखवेल, त्यात हेल्मेट आडवं जात नाही. पंधरा इंच मागा. ओल्या रेनकोटसाठी बाहेर पॅसेजमध्ये खुंट्या आणि खाली पाणी जायला जाळी. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि निम्मं ऑफिस दुचाकीवर येतं, हे अशा फोटोंत कधीच दिसणार नाही.

खुर्चीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्याकडचं टेबल सुताराच्या सवयीने साडेएकोणतीस-तीस इंच उंच होतं. पाच फूट उंचीची मुलगी खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसली, तर तिचं कोपर जमिनीपासून साधारण 25 इंचांवर येतं. म्हणजे टेबल तिच्या कोपरापेक्षा साडेचार-पाच इंचांनी वर. टाइप करताना ती नकळत दोन्ही खांदे उचलून धरते, दिवसभर. संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत जी ओढ लागते, ती बहुतेक वेळा याचीच. खांदे खाली यावेत म्हणून खुर्ची वर केली तर पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. मग ती पुढे सरकून कडेवर बसते आणि पाठीचा आधार सुटतो. तुमच्या ऑफिसात एकदा दुपारी तीन वाजता फेरी मारा. किती जणी खुर्चीच्या पाठीला टेकून बसल्या आहेत, ते मोजा.

उपाय महाग नाही. टेबल 28 इंचांचं करून घ्या. उंच माणसाची सोय थोडी वर उचलता येणाऱ्या पायांनी होते. तशी दहा टेबलं पुरेत. खुर्चीत तीन गोष्टी बघा : उंची सोळा इंचांपर्यंत खाली येते का, सीट मागे-पुढे सरकते का, आणि हाताचे टेकू वर-खाली होतात का. सीट सरकणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. आणि पाय ठेवायला सुताराकडून तिरके लाकडी पाट करून घ्या, दहा-पंधरा. तयार फूटरेस्टपेक्षा ते स्वस्त पडतात आणि घसरत नाहीत. या तिन्ही सोयी असलेली खुर्ची 6,500 ला मिळणं कठीण. 14 हजारांच्या आसपास बरी मिळते. 40 खुर्च्यांचे 2 लाख 60 हजारांऐवजी 5 लाख 60 हजार होतील. फरक 3 लाखांचा. फन झोनचे 3 लाख 80 हजार कोटेशनमध्ये आहेतच. उरलेल्या 80 हजारांत पाट आणि स्क्रीनच्या बऱ्याचशा दांड्या निघतात. ऑर्डर देण्याआधी दोन-तीन प्रकारच्या खुर्च्या आठवडाभर मागवून घ्या आणि ऑफिसातल्या सर्वांत ठेंगण्या आणि सर्वांत उंच माणसाला त्यांवर बसवा. सरांना पसंत पडलेली खुर्ची फक्त सरांच्या मापाची असू शकते.

उभं राहून काम करायची टेबलं फॅशनमध्ये आहेत. चार घ्या, एका कोपऱ्यात ठेवा, पाठदुखीच्या लोकांना प्राधान्य द्या. चाळीस घेण्याची गरज नाही.

आता शांतता. आपल्याला आवाजाने त्रास होतो असं आपण म्हणतो, पण पंख्याच्या आवाजात माणूस निवांत काम करतो. त्रास होतो तो कळणाऱ्या बोलण्याचा. शेजारचा फोनवर ‘अहो, इनव्हॉइस गेल्या सोमवारीच पाठवलाय’ म्हणतो आणि आपलं डोकं आपोआप त्या सोमवारकडे वळतं. खुल्या हॉलमध्ये माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंती काढून खुलं ऑफिस केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभी करतो. तुमच्या पत्रात नेमकं तेच आहे.

शांत खोली कशी असावी, याचा नमुना शोधायला बंगळुरूला जायची गरज नाही. सदाशिव पेठेतली किंवा नारायण पेठेतली एखादी अभ्यासिका सरांना दाखवून आणा. एमपीएससीची मुलं महिन्याला पैसे मोजून तिथे बसतात. मिळतं काय? एक टेबल, दोन्ही बाजूंना कोपरापासून डोक्यापर्यंत येणारी फळी, एक दिवा, एक प्लग आणि कुणीही बोलणार नाही याची खात्री. तेवढ्यासाठी लोक पैसे देतात. तुमच्या नव्या जागेत सहा जणांची अशी खोली करा आणि तिला अभ्यासिका हेच नाव द्या. पाटी न लावताही नियम कळेल : फोन बाहेर, मीटिंग बाहेर, खाणं बाहेर. ती जागा लिफ्टपासून, चहाच्या मशीनपासून आणि टॉयलेटच्या रस्त्यापासून लांब ठेवा. आणि सरांनी स्वतः तिथे कुणालाही हाक मारायची नाही. हा नियम वरच्यांनी मोडला, तर आठवड्यात खोलीचा हॉल होतो.

याच्या उलट बाजूला फोनच्या लहान खोल्या हव्यात, म्हणजे जिन्यातले कॉल आत येतील. चाळीस माणसांना चार. साधारण चार फूट बाय साडेतीन फूट. बाजारात तयार मिळतात, पण महाग पडतात. दोन्हीकडून जिप्समचे दुहेरी बोर्ड आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारा तंतूंचा थर, भरून जागेवर बांधता येतात. यात दोन गोष्टी हमखास राहतात. एक, दाराखालची फट. भिंत कितीही जाड करा, बोटभर फटीतून सगळं बोलणं बाहेर येतं. दार बंद झालं की खाली उतरणारी रबरी पट्टी बसवून घ्या. दुसरी, हवा. अशा खोपट्यात एक्झॉस्ट फॅन नसला तर दहाव्या मिनिटाला माणूस घामाघूम होतो, दार उघडं ठेवून बोलायला लागतो आणि खोलीचा उपयोगच संपतो. छताला कमी आवाज करणारा लहान फॅन आणि हवा आत यायला झरोका, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. दिवा डोक्यावर नको, समोर हवा. वरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि क्लायंटला माणूस आजारी दिसतो.

हॉलमध्ये विट्रिफाइड फरशी, काचेचे पार्टिशन आणि सपाट पीओपीचं छत असेल तर प्रत्येक शब्द घुमेल. घुमायला लागलं की प्रत्येक जण आणखी मोठ्याने बोलतो. छताला मिनरल फायबरच्या, आवाज शोषणाऱ्या टाइल्स घ्या. पैसे एकाच ठिकाणी घालता येणार असतील तर छतात घाला. कार्पेट मात्र सगळीकडे नको. पावसाळ्यात ओल्या बुटांनी त्याला वास येतो. आणि टेबल टेनिसचा टकटक आवाज या जागेत कुठेही ठेवला तरी अभ्यासिकेपर्यंत पोहोचेल. मुलांना खेळायचंच असेल तर इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर सोय होते का, ते सोसायटीला विचारा.

शालींबद्दल. बायका उगाच तक्रार करत नाहीत. जगभरच्या ऑफिसांच्या तापमानाची मापं 1960 च्या दशकात बसली, ती 40 वर्षांचा, 70 किलो वजनाचा पुरुष धरून. हे नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. तुमचा एसी बहुधा 20-21 वर असणार. 24 वर आणा आणि जोडीला छताचे पंखे बसवा. पंख्याची हवा अंगावरून फिरत असेल तर 25-26 लाही बरं वाटतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाप्रमाणे एसी एक अंशाने वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, हे सरांना सांगायला विसरू नका. नव्या जागेत एसीचा झोत कुठल्याही टेबलावर थेट पडणार नाही, हे नकाशातच बघून घ्या. काही टेबलं झोताजवळ राहतीलच. जागा रोज निवडायच्या असल्याचा हा एक फायदा की ज्याला गार हवं तो तिथे बसेल.

एसीबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. खिडक्या बंद, माणसं चाळीस. दुपारी तीनला सगळ्यांना येणाऱ्या झोपेचं खापर आपण डब्यातल्या भातावर फोडतो, पण बऱ्याचदा दोष कोंदट हवेचा असतो. कार्बन डायऑक्साइड मोजायचं लहान यंत्र विकत घ्या. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत 420 च्या आसपास असतं, खोलीत 1,000 च्या आत राहावं. सहा जणांनी दार लावून मीटिंग सुरू केली की अर्ध्या तासात आकडा 1,500 ओलांडतो. ते यंत्र टेबलावर ठेवा आणि सरांना एका लांब मीटिंगमध्ये बघू द्या. मग ताजी हवा आणणाऱ्या फॅनसाठी वेगळी विनंती करावी लागणार नाही.

मीटिंग रूमच्या बाबतीत एकच व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवा : घरून स्क्रीनवर आलेली. तिला काय दिसतं? लांब टेबल, टोकाला टीव्ही, जवळच्या दोघांची तोंडं मोठी, बाकीचे ठिपक्यांएवढे. मागे खिडकी असेल तर सगळ्यांचे चेहरे काळे. कुणी हसलं तर का हसलं, ते कळत नाही. म्हणून टेबल टीव्हीकडे रुंद आणि लांबच्या टोकाला निमुळतं करा. कॅमेऱ्याजवळ रुंद, दूर अरुंद, म्हणजे मागचे पुढच्यांच्या आड जात नाहीत. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, टीव्हीच्या वर छताजवळ नको. माईक टेबलाच्या मध्यावर. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी येईल अशी भिंत निवडा. आठ जणांची एक मोठी खोली आणि तिघा-चौघांच्या दोन, असं ठेवा. बहुतेक मीटिंगा तिघा-चौघांच्याच असतात. आणि चर्चेत पहिलं बोलणं घरून आलेल्याचं, ही सवय लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. 50 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणं 2017 पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि तुम्ही 64 आहात. ते तुमच्याच जागेत हवं असं नाही; इमारतीतल्या इतर कंपन्यांबरोबर मिळून जवळपास सोय करता येते. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा द्यावी लागते. सरांना हे माहीत नसेल तर तुमच्याकडून कळलेलं बरं. शिवाय एक लहान, आतून कडी लागणारी खोली ठेवा. बाळंतपणाहून परतलेल्या मुलीला दूध काढायला, कुणाला चक्कर आली तर आडवं व्हायला, मायग्रेनमध्ये अंधार करून बसायला. 80 चौरस फूट पुरतात. एक दिवाण, एक प्लग, एक बेसिन, एक छोटा फ्रीज. या खोलीवर एकमत होणं कठीण जातं, कारण ती दिवसाचा बराच वेळ रिकामी दिसते. तरी ती सोडू नका.

सरांच्या मनातलं माणसांनी एकत्र येणं मी विसरलेले नाही. ते जेवणाच्या टेबलावर होतं. आपल्याकडे माणसं डबा उघडतात, भाजी पुढे सरकवतात आणि ‘त्या मॉड्यूलचं काय झालं?’ हे तिथेच विचारतात. म्हणून लांब टेबल, बारा-चौदा जणांचं, उजेडाच्या बाजूला. मायक्रोवेव्ह दोन, नाहीतर एकामागे रांग लागते. डबे धुवायला सिंक खोल आणि नळ उंच. वासाची कुरकुर होऊ नये म्हणून वर जोरदार एक्झॉस्ट. या कोपऱ्यावर मन लावून खर्च करा.

सर म्हणाले की हा सगळा खर्च करायचा तर पाचही दिवस बोलावू, तर त्यांना एक अभ्यास सांगा. शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 जणांवर प्रयोग झाला. काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. निष्कर्ष 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं आणि कामाच्या दर्जात फरक पडला नाही. सोडून गेलेल्या एका अनुभवी माणसाच्या जागी नवा शोधून, शिकवून तयार करायला तुम्हाला किती खर्च आला, हे काकांच्या वहीत सापडेल. तो आकडा आणि खुर्च्यांचे 3 लाख शेजारी-शेजारी मांडा.

करार करण्याआधी एवढं करा. हॉलच्या जमिनीवर खडूने टेबलं, अभ्यासिका आणि फोनच्या खोल्या आखून घ्या आणि दहा-बारा जणांना त्यातून चालायला सांगा. कुठे अडतात, कुठे वळतात, ते कागदावर बघून कळत नाही. विजेचे पॉइंट त्यानंतरच पक्के करा, कारण फरशीतून एकदा वायर गेली की टेबल हलत नाही. खांब, खिडक्या आणि टॉयलेटची दारं दाखवणारा नकाशा मला पाठवलात, तर अभ्यासिका कुठल्या बाजूला बसेल ते खुणा करून कळवते.